बारा नंबरचा सूड

मी एक जुनी वाइनची यादी आहे, मित्रांनो, आणि मला सूड हवा होता. लोकांना मन मोठं असावं असं वाटतं. माझं मन चोवीस पानांचं आहे, आणि त्यातल्या एकाही पानावर क्षमा लिहिलेली नाही.

माझा जन्म नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमधला. इथे माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि तरीही आमचं स्टेकहाउस असं झोकदार की लोक शंभर मैलांवरून इस्त्रीचे शर्ट घालून येतात. मालक वर्लिन यांच्या वडिलांचं खोगीर फाटलं, त्याच्या चामड्यातून माझं कव्हर शिवलं गेलं. शिवलं डॉर्लीनने. तीच इथे वाइन वाढायची आणि माझं पान न् पान तिनेच हाताने लिहिलं. ती बाटली उघडायची, चाखायची, डोळे मिटायची आणि मग लिहायची. बाराव्या वाइनपुढे तिने लिहिलं होतं, "काळसर लाल. धुराचा वास. पहिला घोट भांडतो, दुसरा मैत्री करतो. जाड स्टेकसोबतच घ्या."

इथल्या गुरंवाल्यांना वाइनची परदेशी नावं उच्चारायची भारी लाज. म्हणून ते नंबर सांगायचे. दोन वर्षांत सगळ्यांना नंबर पाठ झाले. मला न उघडताच ते म्हणायचे, "डॉर्लीन, सात आण गं!" मला राग यायचा नाही. पाठ होणं म्हणजे केवढा मान!

मग शिकागोहून नवा मॅनेजर आला, ट्रेंट. त्याने मला दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलतात तसं.

"हे काय आहे? गाईची कातडी?"

"घोड्याचं खोगीर होतं," डॉर्लीन म्हणाली.

"मग घोड्यालाच वाचायला द्या, बाई."

दुसऱ्याच दिवशी काळी चकचकीत छापील यादी आली. वाइन त्याच, पण क्रम नवा. लोक मुकाट्याने तिच्यावर बोट ठेवून मागवू लागले. डॉर्लीनला मागे ग्लास पुसायला बसवलं. आणि मला? वाढपाचं टेबल एका पायावर हलत होतं. ट्रेंटने मला दुमडून त्या पायाखाली कोंबलं! नऊ महिने मी तिथे होते. अंगावर टेबल, टेबलावर मांस कापायच्या सुऱ्या, आणि पोटात राग. रोज मनात म्हणायचे, थांब लेका, थांब.

मग वळूंच्या लिलावाचा दिवस आला. त्या दुपारी इथे सगळा तालुका जेवायला असतो. सगळ्यात मोठ्या वळूचा सौदा झाला की विकणारा आणि घेणारा एकाच बाटलीतून प्यायल्याशिवाय तो पक्का होत नाही. बाटली कायम बारा नंबरची. यंदा वळू विकणारे होते वर्लिन आणि घेणारा म्हातारा एमिल.

एमिल गरजला, "बारा आणा!"

ट्रेंटने नव्या यादीतला बारा नंबर उघडला. तो होता मिष्टान्नासोबतचा, मधासारखा गोड. डॉर्लीन मागून धावत आली. "अहो, त्यांना जुना बारा हवाय!"

"तुम्ही ग्लास पुसा," तो हसून म्हणाला.

एमिलने घोट घेतला आणि टेबलावर थुंकला. "हे काय? नातवाचं खोकल्याचं औषध पाजताय मला?"

"थुंकलास? माझ्या वळूवर?" वर्लिन लालबुंद झाले.

"तुझ्या वळूवर नाही रे बाबा, तुझ्या बाटलीवर! असा सौदा मी नाही करत."

वर्लिन ट्रेंटवर ओरडले, "जुना बारा आण! आत्ता!"

ट्रेंटला कुठे माहीत जुना बारा कोणता! तो डॉर्लीनकडे वळला. "सांगा ना, प्लीज."

डॉर्लीनने एक ग्लास उजेडात धरला, फुंकर मारली, पुसला. "मी ग्लास पुसते, साहेब. यादीला विचारा."

अहाहा! मित्रांनो, तो क्षण! पांढऱ्या शर्टातला ट्रेंट सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आला, टेबलाखाली रांगला आणि त्याने मला ओढलं. मी चिकटून बसले. त्याने आणखी जोर लावला. मी सुटले, टेबल कललं आणि ग्रेव्हीचं अख्खं भांडं त्याच्या पाठीवर रिकामं झालं. हॉल असा हसला की बाहेरचे वळू हंबरले.

"आता मोठ्याने वाच," एमिल म्हणाला.

त्याने वाचलं. ग्रेव्ही गळत असताना, अडखळत, डॉर्लीनचा शब्द न् शब्द. "पहिला घोट भांडतो, दुसरा मैत्री करतो."

बाटली आली. दोघं प्यायले, सौदा पक्का झाला.

"डॉर्लीन," वर्लिन खाली बघत म्हणाले, "उद्यापासून वाइन परत तू बघ."

"उद्यापासून नाही," ती ॲप्रन सोडत म्हणाली, "आत्तापासून. आणि हा माझ्या हाताखाली शिकेल."

मला तर त्याला हाकललेलं हवं होतं! पण आता हेच जास्त आवडतं. रोज सकाळी तो माझ्यासमोर बसून एकेक ओळ पाठ करतो. चुकला की डॉर्लीन म्हणते, "पुन्हा."

म्हणून सांगते, मित्रांनो, कुणाच्या हाताने लिहिलेली वही, यादी, चिठ्ठी कुठेही कोंबण्याआधी एकदा उघडून वाचा. दया म्हणून नको, थोडं घाबरूनच वाचा. ट्रेंट आता मला दोन्ही हातांनी धरतो. बारा नंबरवर आला की त्याचं बोट थरथरतं.

थरथरू दे.