केसपेपर धरणारे हात

"धरला! देवानं आजार धरला!"

स्पर्शबाबा ओरडले आणि रुग्णालयाच्या आवारातल्या दोनशे माणसांनी हात जोडले. काठी बगलेत मारून वॉचमननंसुद्धा जोडले.

समोर लोखंडाचे दोन पोकळ बाहू होते, सहा-सहा मीटरचे, काळे. त्यांना बोटं नाहीत, चेहरा नाही. तरी पाहताक्षणी कळतं, कुणीतरी कुणालातरी आधार द्यायला झुकलंय. छातीइतक्या उंचीवर दोन्ही टोकं समोरासमोर येतात. मध्ये सकाळी नखभर फट असते. बाबा त्या फटीत रुग्णाचा केसपेपर दोऱ्यानं लटकवायचे आणि मंत्र पुटपुटायचे. दुपारी दोरा कापला तरी कागद पडत नसे.

"सात दुपारी धरला की आजार गेला! तोवर औषध घ्याल तर देवावर अविश्वास!"

ती चौथी दुपार होती, आणि कागद माझ्या सख्ख्या ताईचा. चार दिवस इन्शुलिन बंद. ओठ फुटलेले, उभं राहवत नव्हतं, तरी बया बाकावर बसून हसत होती. माझं डोकंच फिरलं.

ते बाहू मी वेल्डिंग केलेत. शिल्पकार बाईंनी रेखाटले, मी जोडले. ही फट माझ्या पट्टीनं मोजून ठेवलेली!

बागेचा नळ सोडला आणि पाइप घेऊन दोन्ही बाहूंवर पाणी मारत सुटले. वाफ निघाली. लोक अंगावर धावून आले. तेवढ्यात कागद टपकन खाली पडला.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "विटंबना केली, देवानं सोडलं!"

"मग आता पुन्हा धरू द्या," मी म्हटलं. "पण तुम्ही तोंड उघडायचं नाही. मंत्र नाही, काही नाही."

वॉचमननं कागद परत लटकवला. ऊन रणरणत होतं. अर्ध्या तासात लोखंड तापलं, फट मिटली, कागद अडकला. दोरा कापला तरी पडला नाही, आणि मंत्र एकही झाला नव्हता.

"लोखंड उन्हात वाढतं, गार झालं की आकसतं," मी ओरडून सांगितलं. "मागची टोकं काँक्रीटमध्ये पक्की आहेत, म्हणून ते पुढेच सरकणार. त्यासाठीच फट ठेवली. ढगाळ दिवशी हे महाराज काय म्हणतात? गर्दीत पापी आहे! पापी कसला, ऊन नाही!"

ताई धडपडत उठली, माझ्या हातून पाइप घेतला आणि स्वतः पाणी सोडलं. थोड्या वेळानं कागद सुटला, तो तिनं ओंजळीत झेलला. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात इन्शुलिनचं नाव होतं.

"मला आत ने गं," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर बेशुद्धच आणली असती. बाबा त्या गडबडीत पसार झाले. उद्या दुसऱ्या गावात दुसरं लोखंड शोधतील. तिथं हात जोडण्याआधी एक करा. ते कुणी बनवलं ते शोधा आणि त्याला विचारा. आम्ही कारागीर सांगतो, काही लपवत नाही. ते हात माणसानं माणसाला धरावं म्हणून केलेत. त्या दुपारी माझ्या ताईला आत नेताना दुसऱ्या बाजूनं वॉचमननं धरलं होतं.