दादाची पट्टी

पट्टीच्या कडेला सोनेरी दातांची रांग होती आणि त्यातल्या एका दातावर बोटाचा पुसट ठसा – दादाचा, दुसऱ्या कुणाचा असणार? पहिल्या पगारातून आणलेली ही रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी त्याने स्वतः मशीनमध्ये बसवली होती आणि धाकट्या बहिणीला बजावलं होतं, "दागिना आहे हा, इंजिनिअरबाई, लांबूनच बघायचा." आता तो दागिना तिच्या तळहातावर होता, आणि समोर बाजूचं झाकण काढलेला कॉम्प्युटर उरलेल्या एका पट्टीवर सकाळपासून गेम चालवत होता, एकदाही हँग न होता.



कालपर्यंत तो कधीही थांबायचा – ऐन लढाईत, नाहीतर नुसता मेनू उघडा असताना – चित्र दगड होऊन जायचं आणि हेडफोनमध्ये एकच आवाज अडकून ट-ट-ट-ट करत राहायचा... काल जेवताना दादा म्हणालाच, "हिनेच काहीतरी उद्योग केला असणार." आईने पाणी ओतता ओतता निकाल दिला, "हिच्यामुळे निघालं तर मशीन तुझ्या खोलीत. कडी लावून ठेव." आणि शनिवारी शाळेतल्या मुलींच्या संघाची याच गेमची पहिली ऑनलाइन स्पर्धा, कप्तान कोण, तर ही. हात वर करून मागून घेतलेलं कप्तानपद – गेल्या वर्षी हजेरीला जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तिने.

म्हणून आज सकाळी तिने पट्टी काढली. आणि त्याच झटक्यात – आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात – सेटिंगमध्ये शिरून मेमरीचा वेग मूळचा होता तसा करून टाकला. तो वाढवला होता तिनेच, एक व्हिडिओ बघून, कुणाला न विचारता. एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रयोगशाळेत बाई घसा बसेपर्यंत सांगतात, आणि मी दोन बदलल्या. आता कशामुळे चालतोय, देव जाणे. घाईत झालं... घाई कसली? मला माझं तेवढं गुपचूप आवरून ठेवायचं होतं.

आई दारातून डोकावली. "चालतोय ना?"

"चालतोय."

"मग तोंड असं का?"

"बघतेय."

"चालणाऱ्या वस्तूकडे काय बघत बसायचं," म्हणत आई गेली.

तिने मशीन बंद केलं. ठसा पुसायला हात कंपासमधल्या खोडरबराकडे गेला होता, तो मागे घेतला – आता आणखी काही बदलायचं नाही. पट्टी खाचेत दाबली, टक्क. वेग मूळचाच ठेवला. आता हँग झाला तर पट्टी खराब, दादाची. नाही झाला तर मी वाढवलेला वेग... पण किती वेळ चालला की 'नाही झाला' म्हणायचं?

गेममधला तिचा तिरंदाज पळत राहिला, जंगल, पूल, पुन्हा जंगल. हो ना हँग. एरवी नको तेव्हा होतोस, आज काय मुहूर्त बघतोस? हो की रे...

दादा आला, मोजे काढत काढतच. "काय निघालं, इंजिनिअरबाई?"

"अजून काही नाही. तुझी पट्टी परत लावून बघतेय."

त्याने स्टूल ओढलं. मग तो म्हणाला, "काल उगाच बोललो मी. पट्टीच गंडली असणार. दुकानदार चेहरा बघून माल देतात, आणि माझा चेहरा तू बघतेसच."

यावर ती एरवी खिदळली असती. आज ओठ नुसते ताणले गेले. बोल ना, शहाणे. एक वाक्य तर आहे. वर्गात एवढा हात वर करतेस...

पुलावर तिरंदाज अडखळला. चित्र थिजलं – नको, ती मनातल्या मनात म्हणाली – आणि पुन्हा सुटलं. नको? काय नको? थिजलं असतं तर शनिवार माझा होता, आणि तोंड उघडायची वेळच आली नसती. मग मी कुणाच्या बाजूने नको म्हणाले?

मागे बसलेला दादा पुढे झुकला होता, आपलाच निकाल लागत असल्यासारखा. "गेलं वाटतं," तो हळूच म्हणाला.

"नाही. चालतोय अजून," ती म्हणाली, आणि धरून ठेवलेला श्वास तिने सोडला नाही.