कोंबड्यांची सोयरीक

चारकोपच्या घराची चावी हातात आली तेव्हा विमला साटमने खोली पाहायच्या आधी मागचं दार उघडलं. मागे भिंतीपर्यंत थोडी मोकळी माती होती. लालबागच्या चाळीत अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला ती माती घरापेक्षा मोठी वाटली.

तिच्या नवऱ्याची, दशरथची, गिरणी संपात सुटली ती सुटलीच. चार ठिकाणी हातपाय मारून तो आता चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन म्हणून लागला होता. त्याला वाटलं होतं, बायको मागे तुळस लावेल, फार तर अळू. पण गणपतीला गावी गेलेली विमला परत आली ती टोपलीत अजून अंड्यावर न आलेल्या दोन तलंगा आणि एक कोंबडा घेऊन.

"ह्यां काय गे?" दशरथने विचारलं.

"कोंबड्या."

"त्यां दिसता माका. पण मुंबईत?"

"ही खंयची मुंबई? मागे तिवरां, काळोख पडलो की कोल्हे ओरडतत."

दशरथने डोक्याला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी कामावरून येताना जुन्या पेट्यांच्या फळ्या घेऊन आला. त्याने विटांवर उचललेलं खुराडं बांधलं, मुंगूस शिरू नये म्हणून खालून जाळी ठोकली आणि वर पत्रा टाकला. वर्ष सरता सरता तिथे चांगलं खिल्लार झालं. तांबड्या, ठिपक्यांच्या, एक मानेवर पिसं नसलेली. विमलाने एकीलाही नाव दिलं नव्हतं, पण कोणती कुठे अंडं घालते हे तिला न बघता ठाऊक असायचं.

जयंती प्रधानांची ओळख झाली ती बोरिवलीच्या बाजारात, दाण्याच्या दुकानात. विमला तांदळाची कणी मागत होती. शेजारी उभ्या असलेल्या, चष्मा लावलेल्या, इस्त्रीच्या साडीतल्या बाई शिंपल्यांची पूड मागत होत्या आणि दुकानदार ती आली नाही म्हणत होता.

"कोंबड्यांना हवी का?" विमलाने विचारलं.

"हो. अंड्यांची कवचं पातळ यायला लागलीत."

"मग विकत कशाला घ्यायची? तिसऱ्या खाता ना तुम्ही? त्यांची शिंपलं भाजा आणि कुटून घाला. आमच्या तर हातावर उड्या मारतात."

बाई हसल्या. "तिसऱ्या आठवड्यातून एकदा असतातच आमच्याकडे. शिंपलं मात्र आजवर कचऱ्यात गेली."

जयंतीताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. बोरिवलीतच बाभईला त्यांचं सासऱ्यांच्या वेळचं बैठं घर होतं आणि मागच्या चिकूखाली पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न कोंबड्या आणि त्यांचा एक कोंबडा होता. नवरा गेल्यावर मुलीने बंगलोरला चल म्हणून आग्रह धरला, तेव्हा त्यांनी कोंबड्या पुढे केल्या. "ह्यांना कुणाकडे सोडू?" असं म्हटलं की मुलगी गप्प बसायची.

तिसरा गडी होता कुंडलिक. बसमध्ये कंडक्टर, विमलाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. त्याच्याकडे गावठी कोंबड्या आणि एक भांडखोर कोंबडा होता, त्याने ओरखडे काढू नयेत म्हणून त्याच्या पायाला कुंडलिक चिंधी बांधून ठेवायचा. हे तिघे रविवारी दुपारी कुणा एकाच्या घरी जमायला लागले. चहा व्हायचा आणि तोंडं सुटायची. अंडी उबवायला हटून बसलेल्या खुडूक कोंबडीला कसं उठवायचं यावरून तर दर वेळी वाद. कुंडलिक म्हणायचा, पाण्यात बुडवून काढा. विमला म्हणायची, टोपलीखाली उपाशी ठेवा. जयंतीताई म्हणायच्या, "अरे, तिला बसायचंच आहे तर द्या ना चार अंडी, का तिच्या मागे लागता?" सर्दी झाली तर लसूण, उवा झाल्या तर चुलीची राख, पिल्लांना पहिले दिवस बारीक रवा. एकाने शिकलेलं दुसऱ्याकडे जायचं, आणि अंडीसुद्धा तशीच इकडून तिकडे जायची.

"मानमोडीची लस टोचून घ्या सगळ्या कोंबड्यांना," एका रविवारी जयंतीताई म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात मिळते. माझ्या टोचून झाल्या. मी बरोबर येते तुमच्या."

कुंडलिक म्हणाला, "बघू, ड्युटी बदलली की." विमलाच्या कोंबड्या तेव्हा भरात होत्या, रोज अंडी घालत होत्या. सुई टोचली की अंडी बंद होतात, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. आणि दशरथ तर हसतच सुटला. "आमच्या गावाक कोंब्यांका कोण सुई मारता काय? माणसांका मिळाक नाय!"

गोष्ट तिथेच राहिली.

दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी कुंडलिकच्या कोंबड्या पेंगायला लागल्या. त्याने बाभईला फोन केला आणि जयंतीताई लगेच आल्या. त्यांनी एकेक कोंबडी मांडीवर घेतली, चोच उघडून घसा पाहिला, पंखाखाली हात घातला. कोंबड्या हिरवट घाण करत होत्या आणि तोंड उघडून श्वास घेत होत्या. "थंडीचं असेल," त्या म्हणाल्या, पण चेहरा काळजीत होता. "हळदीचं पाणी दे आणि ह्यांना वेगळं ठेव."

एवढं चारकोपला आलोच आहोत तर विमलाची नवी पिल्लं बघून जाऊ, म्हणून त्या तिच्याकडे वळल्या. विमलाला आनंद झाला. तिने खुराडं उघडून दिलं. जयंतीताईंनी तांबड्या कोंबडीखालून पिल्लं एकेक करून ओंजळीत घेतली, कोंबड्याच्या तुऱ्यावरून हात फिरवला, चहा घेतला आणि गेल्या.

आठवडाही झाला नसेल. सकाळी विमलाने खुराडं उघडलं तर कोंबडा बाहेर आलाच नाही. कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. संध्याकाळपर्यंत दोन कोंबड्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पिल्लं गेली. काही कोंबड्यांच्या माना पिळल्यासारख्या उलट्या वळल्या. दाणा टिपायला जायच्या आणि चोच भलतीकडेच पडायची. विमला पदर खोचून एकेकीच्या तोंडात पाणी सोडत होती, आणि ते पाणी तसंच बाहेर येत होतं.

तिने एक मेलेली कोंबडी वर्तमानपत्रात गुंडाळून सरकारी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पाहिलं आणि हातमोजे काढत म्हणाले, "मानमोडी आहे. आता औषध नाही. कुणाकडे आजारी कोंबड्या होत्या का आसपास? हातांनी, चपलांनी येतो हा रोग. बाहेरून कुणी आलं होतं?"

विमलाच्या डोळ्यांसमोर ती ओंजळ आली, आणि ओंजळीतली पिल्लं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत बाकीच्याही बहुतेक गेल्या होत्या. दशरथने तिवरांच्या बाजूला खोल खड्डा खणला, चुना टाकून सगळ्यांना पुरलं. एकच कोंबडी उरली, मानेवर पिसं नसलेली. तीही वाकडी मान घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"जयंतीताईंनी आणलं हे," विमला म्हणाली. "कुंडलिककडून उठून सरळ इथे. हात पण नाही धुतले. आणि त्यांच्या कोंबड्या बघा, ठणठणीत."

दशरथ खाली बघून म्हणाला, "सुयेचा त्येनी सांगलेला."

"म्हणजे माझीच चूक?"

"तसा नाय म्हनत मी."

ती तिथून उठून गेली. मनात तिने जयंतीताईंना बोलायची वाक्यं जुळवून ठेवली. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, एवढं कळू नये? भांडी घासताना ती तीच वाक्यं पुन्हा पुन्हा घोळवत होती.

रविवारी दुपारी फाटकाबाहेरून हाक आली, "विमला!"

जयंतीताई रस्त्यावर उभ्या होत्या. रोजची इस्त्रीची साडी नव्हती. विमला दारापर्यंत आली, पण या म्हणाली नाही.

"मी आत येणार नाही," जयंतीताई म्हणाल्या. "कुंडलिकच्या सगळ्या गेल्या. मानमोडी होती ती. कालच कळलं, तुझ्या गेल्या तेही त्यानेच सांगितलं. विमला, मीच आणलं गं हे तुझ्याकडे. दुसऱ्यांना उपदेश करत हिंडते, आणि ह्याच हातांनी तुझी पिल्लं उचलली."

विमलाने जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवेना. समोरची बाई फाटकाची कडीसुद्धा धरत नव्हती, दोन्ही हात पोटाशी घट्ट घेऊन उभी होती.

"मला राग आला होता," विमला म्हणाली. "खूप. अजून आहे."

"असणारच."

"लस तुम्ही सांगितली होती, मी टोचली नाही. ते पण आहेच."

"ते वेगळं. त्याने माझी चूक कमी होत नाही."

मग विमला आत गेली, चहा टाकला आणि दोन कप घेऊन बाहेर आली. एक कप तिने फाटकाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरली. जयंतीताईंनी तो उचलला. रस्त्यावर उभ्या राहूनच त्या चहा प्यायल्या, आणि मधेच चष्मा काढून पुसला.

"एक वाचलीय," विमला म्हणाली. "बोडक्या मानेची. पण मान वाकडी झालीय, खाता येत नाही."

"हाताने भरव. भाताची पेज, त्यात अंड्याचा बलक. मान हाताने आधार देऊन धर, म्हणजे घास घशाखाली उतरेल. आणि हे बघ, खुराड्याला चुना मारून ते उन्हात उघडं टाक. नवीन एकही आणू नकोस एवढ्यात. ती वाचली तरी तिच्या अंगात रोग राहतो काही दिवस."

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी जयंतीताई यायच्या आणि रस्त्यावरूनच विचारपूस करायच्या. "खाल्लं का गं तिने?" "आज स्वतः टिपलं, पण दाणा एकीकडे आणि चोच एकीकडे!" गल्लीतल्या बायकांना गंमत वाटायची. कुणीतरी म्हणालं, "इस्पितळात पेशंटला बघायला येतात तशा येतात ह्या." कुंडलिक पण एकदा कामावर जाता जाता थांबला. "वहिनी, मी तर सोडून दिलं बघा," तो म्हणाला. "खुराडं मोडून जाळलं."

"बरं केलंस," विमला म्हणाली. "नवीन बांध. फळ्या मिळवून देतील हे."

बोडक्या मानेची जगली. मान सरळ झाली नाही. ती जगाकडे कायम तिरकी बघत राहिली, पण पावसाळ्याआधी अंडी घालायला लागली आणि एक दिवस खुडूक बसली. तोपर्यंत डॉक्टरांनी नवी पिल्लं वाढवायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. कोंबडा नव्हता, त्यामुळे तिच्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. विमलाने बाभईला निरोप धाडला. जयंतीताई आल्या, कापडात गुंडाळलेली अंडी फाटकावरून पुढे केली आणि परत जायला वळल्या.

"अहो ताई, आता या ना आत," विमला म्हणाली.

"चप्पल?"

"काढा. पाय धुवा. हात पण धुवा," विमला म्हणाली आणि हसली. बऱ्याच महिन्यांत ती त्यांच्यासमोर पहिल्यांदाच हसत होती. तिने बादली आणि साबणाची वडी पुढे केली. जयंतीताईंनी कोपरापर्यंत हात धुतले.

पिल्लं निघाली ती पिवळी, लेगहॉर्नची, आणि त्यांची आई ही अशी तांबडी, बोडक्या, वाकड्या मानेची. ती दाणा दाखवायला चोच मारायची तेव्हा पिल्लंही मान तिरकी करून धावायची. दशरथ ड्युटीवरून आला की आधी मागे जाऊन ते बघायचा.

पिल्लं आठवड्याची झाली तसं जयंतीताई आणि विमला दवाखान्यातून लस घेऊन आल्या. बर्फ घातलेल्या थर्मासात इवलीशी बाटली होती. ती फोडली की तासाभरात संपवावी लागते, म्हणून सेक्टरमधल्या ज्यांच्या ज्यांच्याकडे पिल्लं होती त्यांना विमलाने आधीच सांगून ठेवलं होतं. कुंडलिककडेही पुन्हा चार पिल्लं आली होती. पण पिल्लं घेऊन कुणी इकडे यायचं नाही, आपण घरोघर जायचं आणि प्रत्येक दारात हातपाय धुवायचे, असं तिने बजावलं होतं. त्यावर कुणी वाद घातला नाही.

सुरुवात विमलाच्याच मागीलदारी झाली. पिल्लांना सुई नव्हती, डोळ्यात थेंब टाकायचा होता. जयंतीताईंनी ड्रॉपर धरला. विमलाने एक पिल्लू मुठीत घेतलं, अंगठ्याने त्याचं डोकं हळूच वर केलं. एक थेंब डोळ्यात पडला, पिल्लाने पापणी मिटली आणि ते जोरात शिंकलं.

"मेलां की काय!" दशरथ घाबरून म्हणाला. थर्मास त्याच्या हातात होता.

"नाही हो, गेलं औषध आत," जयंतीताई म्हणाल्या. "झाकण लावा पटकन, बर्फ विरघळेल."

विमलाने ते पिल्लू आईजवळ सोडलं आणि दुसरं उचललं.