निमलखेडीचा लाल ठिपका

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी तुकोजीराव साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि संगणकावरचा नकाशा दाखवला. देवास जिल्ह्याच्या पूर्वेला, खातेगांवच्या खाली, एक लाल ठिपका होता.

"हे निमलखेडी. प्रत्येक शनिवारी एक ठिपका. हर शनिवार! या गावात नरवाई संपत नाही का, प्रणव?"

नरवाई म्हणजे गहू कापल्यावर शेतात उरतात ती खुंटं. ती जाळू नयेत असा नियम आहे, आणि कुणी जाळली की वरून जाणाऱ्या उपग्रहाला ती आग दिसते. भोपाळहून ठिपक्यांची यादी येते, साहेब ती वाचतात आणि मी त्या गावाला सलाह-पत्र लिहितो. माझी नोकरी एवढीच.

निमलखेडीला मी तीन पत्रं लिहिली होती. पहिलं नम्र होतं, दुसरं कडक होतं, तिसऱ्यात 'धरणी माता' दोनदा आली होती. पंचायतीचं एकच उत्तर आलं: 'आम्ही शनिवारी नरवाई जाळत नाही. शनिवारी आम्हाला वेळ नसतो.' मग साहेबांनी भोंगा लावलेली गाडी पाठवली. ती दिवसभर गावात फिरली, आणि गाडीतल्या माणसांनी संध्याकाळी परत येऊन लिहून दिलं की ग्रामस्थांचं सहकार्य उत्तम, तूप शुद्ध.

"तूप कुठून आलं यात?" साहेबांनी मला विचारलं.

शेवटी भोपाळहून ऋजुताताई आली. आमच्या गल्लीतली, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. उपग्रहाची चित्रं वाचते. ठिपका खरा की खोटा हे जागेवर जाऊन बघायचं होतं. शनिवारी आम्ही दोघं निघालो. निमलखेडीत शिरल्यावर ती मोबाइलवर अक्षांश-रेखांश बघत चालू लागली आणि मी तिच्या मागे. मारुतीच्या देवळामागे ती थांबली.

समोर साठ फूट लांब चर खणलेला होता आणि त्यात गोवऱ्या धडधडून पेटल्या होत्या. बाजूला परातींमध्ये भाजायचे बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, रचलेले. शनिवारचा भंडारा होता, सात गावांचा, दाल-बाफल्यांचा. घड्याळात दीड वाजला होता.

"हाच," ऋजुताताई म्हणाली. धुरानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगदी हाच."

देवळाचं काम बघणारे उमाशंकरकाका पुढे आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, जुन्या वळणाचं मराठी. "यावें, यावें. आपण कोणाकडील? पंगत तीन वाजतां आहे, तंवर छायेस बसावें."

ऋजुताताईनं त्यांना सगळं समजावलं. उपग्रह किती उंचावरून जातो, त्याला उष्णता कशी दिसते, निमलखेडीचा भंडारा शेतातली आग म्हणून कसा नोंदला जातोय. काका हात जोडून ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे आमचा भंडारा वरून दिसतो?"

"दिसतो, काका."

"किती वाजतां येतो तो?"

"रोज दुपारी दीडच्या सुमारास."

"आणि न जेवतांच जातो?" काकांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी हाक मारून एक पान देवळाच्या गच्चीवर वाढून ठेवायला सांगितलं. बाफले अजून कच्चे होते, म्हणून नुसती डाळ वाढली.

ऋजुताताईनं अहवाल लिहिला: हा ठिपका स्वयंपाकाचा आहे, यादीतून वगळावा. साहेबांनी तो तीनदा वाचला.

"फॉर्ममध्ये तीनच खाने आहेत," ते म्हणाले. "नरवाई, जंगल, उद्योग. दाल-बाफले उद्योग आहे का?"

"नाही, सर."

"मग नरवाई."

नवा खाना उघडायला वरून मंजुरी लागणार होती आणि ती दिवाळीच्या आत येणार नव्हती. मी काकांना फोन करून अडचण सांगितली. त्यांना सरकारला त्रास द्यायचा नव्हता. "त्यांत काय मोठेंसें?" ते म्हणाले. "तो दीडला येऊन जाऊं दे. आम्ही विस्तव सव्वादोनला घालूं. पंगत पांचला."

पुढच्या शनिवारी निमलखेडीवर ठिपका नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी तर आसपासच्या सातही गावांत एकसुद्धा नव्हता. साहेबांनी मला पेढा दिला.

"सलाह का असर, भिया! आता यशाची टीप लिही. काय केलं म्हणून ठिपके गेले?"

मी खूप विचार केला. खोटं लिहायचं नव्हतं. बदललं होतं एकच, तेच लिहिलं: 'ग्रामस्थांनी भोजनाची वेळ तीनऐवजी पाच केली.' टीप वर गेली, वरच्यांना आवडली आणि खाली येताना तिची सूचना झाली: 'आगीच्या घटना टाळण्यासाठी नागरिकांनी दुपारचे सामूहिक भोजन पाचनंतर करावे.' आजूबाजूच्या जिल्ह्यांना प्रती गेल्या. धारलाही गेली. सर्वांत खाली माझी सही होती.

त्याच आठवड्यात ऋजुताताईचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"प्रणव, ठिपके नाहीत, पण शेतं काळी आहेत. सात गावांत. मी सकाळची चित्रं बघतेय, जळल्याचे डाग स्पष्ट आहेत."

"पण आग तर दिसली नाही."

"दिसेल कशी? उपग्रह गेल्यावर लावतात. वेळ कुणी सांगितली त्यांना?" मग तीच म्हणाली, "मीच सांगितली रे. चराभोवती सातही गावांचे लोक ऐकत होते."

दुसऱ्या दिवशी ती चित्रं घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. साहेबांनी चष्मा लावला. "काळं आहे, बरोबर. मालव्याची माती आहे, मॅडम. काळीच असते."

"सर, मागच्या आठवड्यात तिथं पिवळी खुंटं होती."

"मग चांगलंच झालं ना. खुंटं गेली, माती दिसली."

ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. मी चहा आणला, तो तिनं घेतला नाही. "बारा वर्षं मी हे शिकले," ती म्हणाली, "आणि लोकांना काय दिलं? आग लावायचं वेळापत्रक."

मला वाटलं ती भोपाळला परत जाईल. पण शनिवारी तिनं मला पुन्हा निमलखेडीला नेलं. पाचला पंगत बसली तेव्हा तिनं काकांकडून माइक घेतला. तिची हिंदी पुस्तकी आणि माळवी मोडकी, त्यामुळे ती थोडकंच बोलली. म्हणाली, उपग्रह चुगली करायला येत नाही. तो गेल्यावरही माती जळतेच, गांडुळं मरतातच, आणि आज सकाळी या गावात तीन मुलं खोकत होती, ती मी मोजली.

मग मागच्या रांगेतली जानकीबाई, जिची सून त्या महिन्यात दोनदा दवाखान्यात गेली होती, उभी राहिली. "ज्यांनी जाळलं त्यांना बाफला वाढू नका," ती म्हणाली.

काकांनी पंगतीवर नजर फिरवली. अर्ध्याहून जास्त माणसं पानाकडे बघत होती. "आज सर्वांनी जेवावें," ते म्हणाले. "पुढील शनिवारापासून जानकीबाई म्हणतात तसें."

त्यानंतर निमलखेडीत कुणी जाळलं नाही. खुंटांचा भुसा करणारं यंत्र सात गावांनी मिळून आणलं, गुरांना चारा झाला. ऋजुताताई दर आठवड्याला चित्रं तपासायची आणि मला फक्त 'पिवळं' एवढाच मेसेज करायची.

अहवालात मात्र श्रेय जेवणाच्या वेळेलाच राहिलं.

मे महिन्यात आम्ही दोघं धार जिल्ह्यात, अमझेऱ्याला, ऋजुताताईची मैत्रीण रुची हिच्या लग्नाला गेलो. मुहूर्त साडेबाराचा होता. अक्षता पडल्या, एक वाजला, तीन वाजले. मांडवात म्हातारी माणसं टेकून बसली होती. मी मुलीच्या वडिलांना गाठलं.

"काका, पानं कधी?"

"पाचला," ते गंभीरपणे म्हणाले. "सरकारचं पत्र आहे. आगी लागतात म्हणे." खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. "कुणी प्रणव म्हणून आहे, त्याची सही आहे. हुशार माणूस असणार."

ऋजुताताई माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि मला दंडाला धरून स्वयंपाक्यांच्या तंबूकडे घेऊन गेली. "सांग त्यांना, सही तुझीच आहे, आणि पानं आत्ताच वाढायला लाव."