साखरबाईची ओ

राजवर्धननं भिंतीतली लोखंडी कडी हलवून बघितली आणि मोबाईल रामच्या हातात दिला.

"इथं काढ एक. कडी नीट आली पाहिजे. काकीची शेळी इथंच असायची ना रे?"

"व्हय. हितंच."

रामनं फोटो काढला. राजवर्धनला तो पसंत पडेना. पोट फार दिसत होतं. मग एक बाजूनं, एक कडी धरून, एक नुसता कडीचा, असे फोटो झाले. गुरुवार असल्यानं सकाळपासून लाइट नव्हती, त्यामुळे रामची पिठाची गिरणी बंद होती आणि नाही म्हणायला काही कारणही नव्हतं. कानावर पेन्सिल, केसांत पीठ, अशा अवतारात तो मघापासून राजवर्धनच्या मागं हिंडत होता.

हिंडायला तसं होतं काय? घोंगडे बोळ म्हणजे बारामतीच्या जुन्या पेठेतली एक चिंचोळी फट. समोरून कुणी आलं तर एकानं कुणाच्या तरी दारात चढून उभं राहायचं. मध्यावर दोन्हीकडच्या माड्या पुढे आलेल्या आणि नेमका तिथंच बोळ वळलेला, म्हणून त्या वळणावर भरदुपारीही भिंतीला हात लावून चालावं लागतं. बोळात कुणी वारलं तर तिरडी बाहेर पेठेच्या रस्त्यावर बांधतात आणि माणसाला हातांवर तिथवर नेतात, कारण वळणातून तिरडी फिरत नाही. रामचे वडील सोनबा असेच गेले.

बोळात घरं अकरा. दहाजणांनी बिल्डरला संमती दिली होती: सगळं पाडून एकच इमारत, दारापर्यंत रस्ता आणि लिफ्ट. अकरावं घर राजवर्धनचं. त्याचे वडील वडगाव निंबाळकरचे बागायतदार. पोराच्या शाळेसाठी त्यांनी बोळात घर घेतलं, सोबतीला एक म्हातारा गडी ठेवला आणि जेवणाचं साखरबाईला, म्हणजे रामच्या आईला, सांगितलं. दहावी झाली आणि राजवर्धन पुण्याला गेला तो गेलाच. पण बोळ काही त्याच्या मनातून गेला नाही, आणि पंचाईत झाली होती ती त्यामुळेच. 'आपला बोळ' नावाचा ग्रुप त्यानंच काढला होता. रोज सकाळी तो त्यावर एक आठवण टाकायचा. विटीदांडूचे डाव, श्रावणातले झोके, कधीच बंद न होणारी दारं. दोन हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, अशा जागेत विटीदांडू कसा रंगत होता, हे कुणी विचारलं नाही. गेल्या महिन्यात त्यानं लिहिलं, 'मी आहे तोवर ह्या बोळाची वीट हलणार नाही.' बोळ सोडून गेलेल्या सगळ्यांनी त्यावर टाळ्यांचा पाऊस पाडला. भिडेखातर रामनंही हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

आता शनिवारपर्यंत राजवर्धनची सही झाली नाही, तर बिल्डर इंदापूर रस्त्याची दुसरी जागा घेणार होता. संमतीचा कागद गिरणीत, टेबलावर, किलोच्या वजनाखाली ठेवलेला होता. 'राजाभाऊ, आईसाठी तेवढी सही करा.' गिरणी झाडताना रामनं हे वाक्य सकाळीच मनात घोळवून ठेवलं होतं. ते ओठांवर येत होतं; राजवर्धननं "राम्या" म्हणून खांद्यावर हात टाकला की परत आत जात होतं. रामला स्वतःचाच संताप आला होता.

समोरच्या आपल्या घराचं कुलूप राजवर्धननं खटखटून पाहिलं. ते गंजलं होतं, किल्ली फिरेना.

"आत छप्पर बसलंय, राजाभाऊ. मी कळवलं हुतं."

"असू दे रे. बाहेरनं तर तसंच आहे."

आणि त्यानं कुलपाचाही फोटो काढला.

"काकी कुठाय?"

"वर."

जिना गिरणीच्या मागून भिंतीतूनच वर गेलेला. राजवर्धन तिरका होऊन चढला. वळणावर त्याचं डोकं तुळईला आपटलं, तर तो हसून म्हणाला, "अजून तश्शीच लागते!" खिडकीशी खाटेवर साखरबाई बसली होती. त्यानं वाकून पाय धरले. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"लई सुटलास रं."

"तुझ्या हातचं खाऊनच, काकी."

"माज्या हातचं खाऊन झाली की चाळीस वर्सं."

राजवर्धन मोठ्यानं हसला. त्यानं खिडकीतून खाली डोकावून बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग त्याला एकदम सुचलं.

"काकी, खाली चल. ओट्यावर बैस, पूर्वी भाजी निवडत बसायचीस तशी. मी तुझ्या पायाशी बसतो. एक फोटो काढू. सगळे बघत राहतील."

"खाली?"

साखरबाईनं रामकडं बघितलं. चार वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला तेव्हा चौघांनी चादरीत घालून तिला ह्या जिन्यानं उतरवलं होतं, आणि दवाखान्यातून आणल्यावर तसंच वर चढवलं होतं. तेव्हाचं तिचं ओरडणं ऐकल्यापासून रामनं पुन्हा हिंमत केली नव्हती. खाली गिरणीच्या खोलीत खाट मावत नव्हती, आणि पिठानं तिला दम लागायचा. भाड्याची खोली घ्यायची तर गिरणीतून मिळणारं सगळं भाड्यातच गेलं असतं. म्हणून ती वरच होती. ग्रुपवर रामनं तेही टाकलं होतं. राजवर्धननं त्यावर गुलाबाच्या फुलाचं चित्र टाकलं होतं.

हे आता बोलायला हवं होतं. राम काही बोलला नाही.

"चल की," साखरबाई म्हणाली. "तूच न्हे मला."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी तिला जुन्या लुगड्यानं खुर्चीच्या पाठीला बांधलं. राम वरून, राजवर्धन खालून, तिच्याकडं तोंड करून उलट्या पावलांनी. पहिल्या पायऱ्या बऱ्या गेल्या. "बघ, एवढं सोपं आहे, आणि तू हिला वर ठेवलीस," असं राजवर्धन म्हणालाही. मग वळण आलं. खुर्चीचे हात दोन्ही भिंतींत रुतले, पुढचे पाय पायरीवरून सुटले आणि सगळा भार राजवर्धनच्या छातीवर आला. साखरबाईच्या तोंडून एक हुंकार निघाला आणि तिनं पदर दातांत धरला.

"वर ओढ!"

"ओढतोय. निघंना."

"मग मी एक पाय मागं..."

"मागं नगा. खुर्ची तुमच्यावर येईल. आई येईल."

दोघांनी हाका मारल्या. बोळातली निम्मी माणसं आधीच दुसरीकडं राहायला गेली होती, उरलेली कामावर. कुणाचंच उत्तर आलं नाही. हाका संपल्यावर जिन्यात फक्त तिघांचे श्वास ऐकू येत होते. रामला वरून राजवर्धनचा चेहरा दिसत नव्हता. आईचं पांढरं डोकं आणि त्यापलीकडं काळोख. बोटं सुन्न होत होती. हा जिना राजवर्धनला एकदा कळावा, म्हणूनच आपण आधी बोललो नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

थोड्या वेळानं खालून आवाज आला. तो राजवर्धनचा वाटेना.

"राम्या... मला श्वास घेता येईना. भिंती... फार जवळ आहेत रे."

"धरून ठिवा, राजाभाऊ."

"नाही जमत. मी सोडतो. खरंच सोडतो."

"सोडलंस तर आई जाईल, राजा! धर!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा रामच्या तोंडून 'तू' निघालं. साखरबाईनं तोंडातला पदर सोडला. हात लांब करून तिनं अंधारात चाचपलं आणि तो राजवर्धनच्या घामेजलेल्या टकलावर ठेवला.

"भिऊ नगं. मी हाय न्हवं."

खालचा श्वास फुसफुसत राहिला.

"पयल्यापास्नं भित्रा तू," ती सावकाश बोलू लागली, मांडीवरच्या पोराशी बोलावं तशी. "साळंतनं आलास की बोळाच्या त्या वळणावर थांबायचास. पाय पुढं न्हाय पडायचा. तितनं 'काकी' म्हून हाक द्यायचास. मी वरनं 'ओ' द्यायची. पुन्यांदा हाक, पुन्यांदा ओ. तू दारात येस्तवर. भाकरी करपायची माजी."

"मला... नाही आठवत."

"राम रोज वाचून दावतो मला तुजं. त्यात ह्ये कदी आलं न्हाय, म्हून म्हनलं."

राजवर्धनचा श्वास जरा लांब झाला.

"रामच्या बापाला न्हेलं तवाबी हितंच अडकलं हुतं," साखरबाई म्हणाली. "पर त्यास्नी कुटं दुखत हुतं."

मग तिनंच मान मागं टाकली.

"राम, लुगडं सोड. मला काखंत धरून वर ओढ. ओरडले तर ऐकू नगंस."

रामनं गाठ सोडली आणि तिच्या काखांत हात घातले. ती ओरडली नाही. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी, अशी तो तिला बसल्या बसल्या ओढत गेला. वजन गेल्यावर खुर्ची कडाडून सुटली आणि राजवर्धनसकट धडधडत खाली गेली. तिला खाटेवर निजवून राम खाली आला, तेव्हा राजवर्धन ओट्यावर बसला होता. कुर्ता एका खांद्यावर फाटलेला, अंगभर चुना आणि पीठ. खुर्ची पाय मोडून शेजारी पडली होती.

रामनं पाण्याचा तांब्या दिला. तो त्यानं अर्धा प्याला, अर्धा डोक्यावर घेतला. मोबाईल खिशातच होता. त्यानं काढला नाही.

"लागलं काय?"

"नाही." मग जिन्याकडं बघत, "काकी?"

"पडलीय. गोळी दिलीय."

राजवर्धननं मान हलवली. गिरणीच्या उघड्या दारातून टेबल दिसत होतं, टेबलावर कागद, कागदावर वजन. त्याची नजर तिथं जाऊन आली, असं रामला वाटलं. वाक्य तयार होतं. ते आता बोलणं म्हणजे मघाच्या त्या जिन्याचे पैसे मागितल्यासारखं झालं असतं, आणि रामची जीभ पुन्हा उचलली नाही.

"निघतो," राजवर्धन म्हणाला. "गाडी पेठेत लावलीय. ड्रायव्हर वाट बघत असेल."

"या."

तो गेला. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत. राम वर आला आणि आईच्या खाटेशी जमिनीवर बसला. साखरबाई छताकडं बघत होती. तिच्या कोपराला खरचटून रक्त आलं होतं. त्यानं ते ओल्या फडक्यानं पुसलं.

"मी आधी सांगाया पायजे हुतं," तो म्हणाला. "तुला घालायला नगं हुतं त्यात."

"तू कुटं घातलंस? मीच बसले खुर्चीत."

"पर काय उपेग झाला?"

"अर्ध्यात तर जाऊन आले."

राम फडकं पिळत राहिला. शनिवार परवावर होता. मग बिल्डर जाणार, ग्रुपवर टाळ्या वाजणार, आणि ही खिडकी, ही खाट, हा जिना. आई एकदाच उतरणार, ती हातांवर. तेव्हा तिला दुखणार नाही. हे त्याच्या मनात इतकं स्वच्छ आलं, की त्यानं फडकं खाली ठेवलं.

तेवढ्यात बोळातून हाक आली.

"काकी!"

आवाज वळणावरून आला होता. दबका आणि ओशाळा. साठीला टेकलेल्या माणसानं कुणी ऐकत नाही ना, हे बघून मारलेली हाक होती ती. रामनं आईकडं बघितलं. साखरबाईनं कोपरावर भार देऊन तोंड खिडकीकडं केलं. चेहरा कळेनं वाकडा झाला.

"ओऽ," ती म्हणाली.

बोळ शांत होता. आता तो वळण ओलांडून गेला असेल, असं रामला वाटलं. पुढं उजेड होता, पेठ होती, गाडी होती.

"काकी!"

"ओऽ रं!"

दुसरी हाक लांबून यायला हवी होती. ती जवळून आली होती. मग भिंतीला घासत येणारी पावलं ऐकू आली, आणि पुन्हा हाक, आता अगदी दारापाशी.

राम उठला. कानावरची पेन्सिल सहीला चालणार नव्हती; ती त्यानं कोनाड्यात ठेवली आणि तिथलंच पेन उचललं. बरेच दिवस वापरात नव्हतं. तळहातावर ओढून बघितलं तर पहिल्यांदा उमटेना. फुंकर मारून त्यानं पुन्हा ओढलं. मग तो अंधाऱ्या जिन्याकडं निघाला, आणि मागं साखरबाई खाली ओ देत राहिली.