चार सारखे वाफे

शिजणाऱ्या मुळ्याचा वास भिंतींना धरतो, हे काकूंना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर त्यांना वाटायचं, वास येतो आणि जातो. पण मुलींच्या त्या निवासी शाळेत दोन वर्षं मुळा शिजत राहिला, आणि मग सुट्टीत, चूल थंड असतानासुद्धा, स्वयंपाकघराचं दार उघडलं की तोच वास तोंडावर यायचा. ओल्या मोज्यांचा, तुंबलेल्या मोरीचा. काकूंच्या केसांना तो होता, उशीला होता.

काकू म्हणजे तिथल्या स्वयंपाकीणबाई. बासष्ट मुली त्यांना काकू म्हणत, म्हणून शिक्षिका, माळी आणि दूधवालाही काकूच म्हणे.

पूर्वी असं नव्हतं. मोठ्या बाई मुख्याध्यापिका होत्या तेव्हा पेरणीच्या आधी त्या स्वतः स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसायच्या. काकू डाळीचे दाणे आणायच्या आणि तिघं मिळून, म्हणजे बाई, काकू आणि माळी, फरशीवर बाग मांडायचे. एक दाणा म्हणजे एक रोप. "टोमॅटोला मुलीमागे दोन दाणे ठेवा," बाई म्हणायच्या. "पालक दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ. मिरचीची दहा झाडं पुरेत, त्यातही माळीच निम्म्या खातो." माळी लाजायचा आणि एक दाणा हळूच पुढे सरकवायचा. बाग दिसायला गबाळी होती. भोपळ्याचा वेल कुंपणावर, घेवडा त्याच्या खांद्यावर. पण ताटं लख्ख होऊन परत यायची.

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि व्यवस्थापक म्हणून साहेब आले. ते आधी कुठल्याशा कचेरीत नकाशे काढत. आल्या आल्या त्यांनी टेप लावून बाग मोजली, मधल्या गोल टाकीभोवती विटांच्या कडेचे चार वाफे आखले, बोटभरही कमीजास्त नाहीत असे, आणि त्यांत लावला मुळा, कोबी, वांगी आणि मिरची. का? तर मातीतून डोकावणारे मुळे पांढरे, मग हिरवा, जांभळा, लाल. वरच्या गच्चीतून गालिचा अंथरल्यासारखं दिसायचं. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी गच्चीवर न्यायचे.

"माझ्या बागेत पंक्तिप्रपंच नाही," ते सांगायचे. "सगळ्यांना समान जागा."

बासष्ट मुलींना जितका कोबी तितकीच मिरची! "एवढ्या मिरचीत एक पलटण रडवता येईल," माळी म्हणायचा. मुळा तर अख्खा वाफाभर एकाच दिवशी पेरलेला, त्यामुळे एकाच आठवड्यात तयार. तो संपेपर्यंत आतून पोकळ व्हायचा, मग लाकडासारखा. वर साहेबांचा हुकूम की बागेतलं संपल्याशिवाय बाजारातून भाजी आणायची नाही आणि पानात काही टाकायचं नाही. साहेबांचा डबा घरून यायचा.

त्या वर्षी डॉक्टरांनी मुलींची वजनं केली. बहुतेकींची घटली होती. सगळ्यांत लहान मुलीचं, जिला सगळे चिमणी म्हणत, तीन किलोंनी. त्याच दिवशी जेवण झाल्यावर चिमणी गाल फुगवून बाहेर पळताना काकूंना दिसली. त्या मागोमाग गेल्या. टाकीच्या मागे, विटांच्या आडोशाला, चावून थुंकलेल्या भाजीचे गोळे पडले होते. काही ताजे, काही वाळून काळे पडलेले, त्यांवर माश्या. नुसत्या चिमणीचे नव्हते. कितीतरी तोंडांचे होते. हे सगळं आपल्या डावातून वाढलेलं, या विचाराने काकूंना स्वतःचा हातसुद्धा नकोसा झाला.

बियाण्यांची यादी दुसऱ्या दिवशी दुपारी जायची होती. यादी गेली की पुढचं वर्षभर हेच चार वाफे.

हुकूम मोडून पानांत टाकलेलं त्या रात्रीचं उष्टं काकूंनी फेकू दिलं नाही. मोरीपाशी बसून हाताने वेगळं केलं. मुळा एका बादलीत, कोबी दुसरीत, वांगी तिसरीत. सकाळपर्यंत त्यावर फेस आला.

"काकू, लोक तिकिटं जमवतात," माळी नाक दाबून म्हणाला, "तुम्ही हे काय आरंभलंय?"

"उचल ती बादली. आणि तोंड मिट, माशी जाईल."

दोघांनी तिन्ही बादल्या कचेरीत नेऊन साहेबांच्या टेबलाशी ठेवल्या. मुळ्याची काठोकाठ होती. साहेब यादीच लिहीत बसले होते. त्यांनी रुमाल नाकाशी धरला.

"हे काय आहे?"

"तुमची बाग, साहेब. एका रात्रीचं उष्टं. मिरचीची बादली आणली नाही, ती कुणी ताटात घेतच नाही."

"ही कचेरी आहे, काकू! आणि भाजी उरते यात वाफ्यांचा काय दोष? नाचता येईना अंगण वाकडं. हाताला चवच नसली तर मुली खातील कशा?"

ते निम्मं खरं होतं. दोन वर्षांत काकूंनी ती भाजी एकदाही चाखली नव्हती. मीठ अंदाजाने, तिखट अंदाजाने, आणि मान दुसरीकडे वळवून ढवळणं. आपल्याला जे जिभेवर ठेववत नाही ते आपण लेकरांना वाढतो.

"बरोबर बोललात," त्या म्हणाल्या. "मी चाखत नाही. किळस येते. पण तुम्ही तरी कधी चाखलीत? चला, आज आमच्या पंगतीला."

"माझा डबा आलाय."

"राहू द्या काकू," माळी दारातून म्हणाला. "साहेबांचं पोट नाजूक असेल."

साहेब उठलेच.

मुलींच्या बाकावर साहेब बसलेले पाहून सगळे चमचे थांबले. काकूंनी वाढलं. साहेबांनी घास घेतला. मुळा पांढुरका, पाणी सुटलेला, तंतू वेगळे झालेला. ते बराच वेळ चावत राहिले.

"चांगली आहे," ते म्हणाले.

काकूंनी लगेच डावभर अजून वाढलं. "मग लाजू नका. इथे पानात टाकायचं नाही, नियम आहे. तुमचाच आहे."

दुसऱ्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरा तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. शेजारी चिमणी बसली होती. तिला त्यांची दया आली असावी. ती हळूच म्हणाली, "साहेब, गिळायचं नाही. गालात धरायचं आणि टाकीमागे जायचं. तिथे कुणी बघत नाही."

साहेब तोंडावर हात दाबून बाहेर गेले.

ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बुटाच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं, ते त्यांनी पायपुसण्यावर घासलं, पुन्हा घासलं.

"तिथे ते जे... ते सगळं मुलींचं?"

"आता तुमचंही," काकू म्हणाल्या.

साहेबांनी खिशातून यादी काढली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. "सांगा. कुणाला किती?"

काकूंनी सांगितलं. बटाट्याला एक अख्खा वाफा. टोमॅटोला पाऊण. पालक ओळीओळीने, थांबून थांबून. घेवडा कुंपणाला. वांगी दोन ओळी, कोबी दोन. मिरचीची दहा झाडं. माळी दाराशी खाकरला. "बारा," काकू म्हणाल्या.

"आणि मुळा?"

"हातभर जागा. तोही कच्चा खाण्यापुरता."

"गच्चीवरून फार वेडंवाकडं दिसेल हो."

"गच्चीवर कोण जेवतं?"

"आणि आत्ता वाफ्यात उभा आहे तो?"

"गाडून टाका."

संध्याकाळच्या जेवणाला दुपारचीच भाजी अर्धं पातेलं उरली होती. काकूंनी चमचाभर घेऊन जिभेवर ठेवली. त्यांनी ती मोरीत थुंकली, तीनदा चुळा भरल्या आणि पातेलं उचलून बागेतल्या चरात, माळ्याच्या फावड्यापुढे ओतलं. आत येऊन भात टाकला, कांदा चिरला.

"काकू, भाजी?" पहिल्या बाकावरून आवाज आला.

"नाही."

"खरंच नाही?"

"भात, कांदा, मीठ. खायचं तर खा."

मुली खाली माना घालून जेवायला लागल्या. थोड्या वेळाने एक ताट पुढे आलं, मग दुसरं, मग रांगच. काकूंनी डाव घातला तो तळाला खरवडला. रोजच्याच मापाने शिजवलेला भात होता; त्या मापाचा भात दोन वर्षं रोज उरायचा. आज निम्म्या मुली रिकामी ताटं घेऊन उभ्या होत्या.

काकूंनी मोठं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.