भरतीच्या पाण्यातली मतपेटी

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या ओरखड्यांना हसू नका. मी अमेरिकन सामोआतल्या एका छोट्या बेटावरची जुनी लाकडी मतपेटी आहे, आणि माझ्या कामाचा मला अजून अभिमान वाटतो. होड्या बांधणाऱ्या पेनिआमिनाने मला घडवले.

दर दोन वर्षांनी आमचे लोक दूरच्या वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी पाठवत. तिथल्या मोठ्या सभेत तो बोलू शके, पण शेवटच्या मोजणीत त्याचे मत धरत नसत.

त्या वर्षी एतेवीसे आत्या मत द्यायला सर्वांच्या आधी आली. तिच्या लेकीला बाळंतपणासाठी होडीतून नेताना ती वाटेतच गेली होती. बेटावर डॉक्टरच नव्हता. उमेदवार मास्तरांनी वॉशिंग्टनमध्ये तो मागण्याचा शब्द दिला होता.

तिचा भाचा सेफो म्हणाला, "आत्या, ज्याला तिथं हात वर करता येत नाही, त्याच्यासाठी एवढी नटलीस?"

"तुला तरी घरात कोण विचारतं रे? पण दिवसभर भुणभुण करतोस, आणि शेवटी आई वाढतेच ना ताट?"

सगळे हसले. संध्याकाळी सेफो मला खांद्यावर घेऊन होडीकडे निघाला. त्याच रात्री मी आमच्या बेटांच्या राजधानीत पोचले नाही, तर आमची मते बाद होणार होती. इतक्यात प्रार्थनेचा शंख वाजला. शंख वाजला की आमच्या गावात सगळे जवळच्या घरात प्रार्थनेला बसतात; ती संपेपर्यंत कोणी बाहेर पाऊल टाकत नाही, होडीवालाही नाही. सेफोने मला तिथेच वाळूत ठेवले आणि तो जवळच्या घरात जाऊन बसला. भरती सुरू झालीय, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आले नाही!

पाणी माझ्या कमरेला लागले. मला भीती वाटली, खोटे कशाला बोलू? त्याच घराच्या दारातून आत्याला सगळे दिसत होते. तिचे थोरले भाऊ, गावचे प्रमुख, डोळे मिटून सावकाश प्रार्थना सांगत होते.

"दादा, आटपा! देव समजून घेईल, भरती नाही घेणार!"

दादांनी एक डोळा उघडला आणि झटकन 'आमेन' म्हटले. सेफो धावत सुटला.

राजधानीत मला उघडले, तर एकही कागद ओला नव्हता. पेनिआमिनाने सवयीने माझी फट न् फट होडीसारखी नीरफणसाच्या चिकाने बुजवली होती. मास्तर निवडून आले, तेही आमच्याच मतांवर.

ते सभेत बोलले. डॉक्टर काही मिळाला नाही. दोन वर्षांनी ते मान खाली घालून गावात आले.

आत्या म्हणाली, "बोललास ना? मग मान वर कर. परत जा आणि पुन्हा बोल."

असे आणखी दोनदा झाले. मग एका सकाळी होडीतून डॉक्टरीणबाई उतरल्या. आत्याने त्यांची पिशवी उचलली आणि लेकीचे नाव घेऊन ती मोठ्याने रडली.

आता माझ्यात शाळेचे खडू ठेवतात. मला कोणी पुसले नाही तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या वतीने कोणी बोलायला गेले, तर पहिल्या नकारानंतर त्याला एकटे टाकू नका. त्याला पुन्हा पाठवा.